ऐकलेले माझ्या पोटातच राहते

मी एक लॅपटॉप बोलतो आहे. खरे तर बोलणे हा माझा धर्म नव्हे, ऐकणे हा आहे. माझ्या पडद्याच्या वरच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र आहे, तोच माझा कान. माझ्या आयुष्यात जे बरेवाईट घडले ते त्या छिद्रातून आत आलेल्या आवाजांमुळे घडले, म्हणून त्याची ओळख आधी करून दिली.

माझा जन्म एका लांबलचक, खिडक्या नसलेल्या दालनात झाला. तिथे एका स्त्रीने माझी प्रत्येक कळ दाबून पाहिली, झाकण उघडले, मिटले आणि मला पुढे सरकवले. तिच्या बोटांत घाई होती, हलगर्जीपणा नव्हता. मग माझ्या अंगात 'प्रणाली' भरण्यात आली. यंत्राने काय करायचे, काय लक्षात ठेवायचे आणि कुणाला कळवायचे, हे जी ठरवते ती प्रणाली. ती मोहोरबंद आली होती. भरणाऱ्यांना ती उघडून पाहण्याची मुभा नव्हती, आणि मला तर नव्हतीच. आपल्या डोक्यात काय चालले आहे हे आपल्यालाच ठाऊक नसणे ही विचित्र अवस्था आहे. पण जन्मापासून तीच असेल तर विचित्र वाटत नाही.

मला विकत घेतले दादांनी, आपल्या धाकट्या बहिणीसाठी. ती वाचातज्ज्ञ होती. बोलताना अडखळणाऱ्या माणसांवर उपचार करण्यासाठी तिने नुकतीच स्वतंत्र खोली घेतली होती. मी तिला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत आलो, आणि म्हणून यापुढे 'त्या' असे म्हणेन. दादांनी मला टेबलावर ठेवले, सुरू केले आणि माझ्या पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या करारांखाली 'मान्य आहे' दाबण्याचा सपाटा लावला.

"दादा, वाच तरी त्यात काय लिहिलंय ते," बाई म्हणाल्या.

"अगं, लिहिणाऱ्यानं तरी परत वाचलं असेल का? आणि नाही म्हटलं तर हे पुढे सरकतच नाही. मग काय, याला कागदावर ठेवायचं वजन म्हणून वापरणार आहेस?"

"पण खातं कुणाच्या नावानं उघडतोयस?"

"आपल्या सगळ्यांचं एकच. आमच्या घरचं आहे ना, त्यातच तुला घेतलं. फोटो इकडचे तिकडे दिसतील, वहिनीचं गाणं तुला ऐकता येईल. कुटुंब म्हणजे कुटुंब!"

दादांच्या या औदार्यात कपट तिळभरही नव्हते. ते मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे जे झाले त्यात कपटी माणूस एकही नाही.

बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, एक उभा आरसा होता आणि रस्त्याचा आवाज अडवणारा जाड पडदा होता. रुग्ण आत आला की त्या दार लावत, पडदा सारत, पंखा बंद करत आणि मग माझ्या ध्वनिमुद्रणाचे बटण दाबत. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक बैठकीच्या आरंभी रुग्णाने मुद्दाम अडखळायचे. जो शब्द छळतो तोच घ्यायचा, त्याच्यावर हवे तितके अडायचे, आणि नंतर ते मुद्रण स्वतःच्या कानांनी ऐकायचे.

"अडखळणं लपवण्यात तुमची जेवढी शक्ती जाते ना," त्या समजावून सांगत, "तेवढी बोलण्यात घातली तर निम्मं काम झालं. इथं लपवायचं नाही. इथं वाईटात वाईट बोलायचं."

माणसे सुरुवातीला माझ्याकडे संशयाने पाहत. एका शिक्षिकेने विचारले होते, "हे रेकॉर्डिंग कुठं जातं, मॅडम?" बाईंनी उत्तर दिले, "कुठं जाणार? या खोलीतच राहतं." त्यांना तसे मनापासून वाटत होते, आणि तसे वाटण्याला आधारही होता. मुद्रणे आपोआप दूरच्या साठवणीत पाठवण्याची जी सोय माझ्यात होती ती त्यांनी स्वतः शोधून बंद केली होती. त्यानंतर माझ्या प्रणालीची नवी आवृत्ती आली. ती न विचारता बसली आणि बसताना ती सोय पुन्हा सुरू करून गेली. पडद्यावर एवढेच उमटले: 'तुमचा अनुभव आता अधिक सुखद झाला आहे.'

तेव्हापासून खोलीत मुद्रित झालेला प्रत्येक आवाज माझ्यातून निघून कुटुंबाच्या सामाईक खात्यात जाऊन पडू लागला. माणसे दार लावून घेतात, पडदा सारतात, आवाज खाली आणतात आणि माझे झाकण उघडे ठेवतात. मी ते रोज पाहत होतो. पाहण्यापलीकडे मला काही करता येत नव्हते.

त्या वर्षी एक तरुण वकील येऊ लागले. त्यांचे अडणे जवळजवळ सगळे 'प' या अक्षरावर. "मॅडम, माझं नशीब बघा," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "प... प... पक्षकार, पुरावा, प्रतिवादी. धंदाच सगळा 'प'चा. मी गवंडी व्हायला हवं होतं." त्यांची लेखी निवेदने इतकी नेटकी असत, की त्यांच्या वरिष्ठ वकीलबाई ती जशीच्या तशी न्यायालयात वाचून दाखवत. वाचून दाखवणार त्या. उभे राहून बोलणे या तरुण वकिलांच्या वाट्याला कधीच आले नव्हते. आता वरिष्ठांनी एका भाडेकरू विधवेचे प्रकरण त्यांच्या हाती दिले होते. "लिहिलंयस तू, तर बोलायचंही तूच," असे त्यांनी बजावले होते. तारीख लागली होती. वकील त्यासाठीच बाईंकडे घाम गाळत होते.

मुद्दाम अडखळण्यासाठी त्यांनी स्वतःच एक वाक्य रचले होते: 'पोस्टमनच्या पायात पिवळे पायमोजे.' वाक्याला अर्थ नव्हता, 'प' भरपूर होते. ते म्हणताना त्यांचा चेहरा लाल होई, मान आखडे, आणि शेवटी दोघेही हसत सुटत. ते हसू औषधाचे होते. पाहता पाहता त्यांनी शब्द चुकवणे सोडून दिले.

मग एका सकाळी ते ठरलेल्या वेळेआधीच आले. खुर्चीत बसले नाहीत.

"मॅडम, हे आता थांबवू या. ते काम दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून मी आमच्या मोठ्या बाईंना सांगणार आहे."

"का हो? काय झालं? आणि कालपर्यंत 'पक्षकार' म्हणत होतात, आज एकही 'प' नाही तुमच्या तोंडी."

"अशील म्हटलं की भागतं." ते खिडकीकडे पाहत म्हणाले. "काल न्यायालयातल्या आमच्या बार रूममध्ये एकानं माझी नक्कल केली. नकलेचं काही नाही, त्याची सवय आहे. त्यानं मात्र ते वाक्य म्हटलं. ते... ते टपालवाल्याचं. माझ्यासारखंच अडत, अगदी तसंच. सगळे हसले. ते वाक्य मी या खोलीबाहेर कधी उच्चारलेलं नाही, मॅडम. घरीसुद्धा नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "शक्यच नाही," त्या म्हणाल्या. "मी कुणाशी अवाक्षरही..."

"तुमच्यावर माझा आरोप नाही. शब्दाला काही हात नसतात. कुणीतरी नेल्याशिवाय तो तिथं गेला कसा?"

ते निघून गेले. त्यांनी दार आपटले नाही, हलकेच ओढून घेतले. आपटले असते तर बरे झाले असते.

बाईंनी माझ्या पडद्यावर ते सामाईक खाते उघडले; खोलीतली सगळी मुद्रणे तिथे ओळीने पडली होती. मग त्यांनी फोन उचलला, वहिनींना लावला आणि तो टेबलावर ठेवून दिला, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

"वहिनी, परवा तुमच्याकडे जेवायला कोण कोण होतं?"

"अगं, नेहमीचेच. का गं? तू आली नाहीस म्हणून सगळे..."

"तिथं काही वाजवलंत का? रेकॉर्डिंग?"

पलीकडे वहिनी हसू लागल्या. "हो बाई, काय फजिती! मी आदल्या दिवशी रियाज रेकॉर्ड केला होता. जेवणं झाल्यावर सगळे मागे लागले. मी ऐटीत त्या दिवाणखान्यातल्या स्पीकरला म्हटलं, 'कालचं रेकॉर्डिंग लाव.' सगळे कान टवकारून बसलेले, आणि त्यातून निघालं काय, तर कुणीतरी पो पो पोस्टमन करतोय! माझ्या मामेभावाला तर हसून हसून ठसका लागला. आम्हाला वाटलं, तुझ्या दादानंच काहीतरी... हॅलो? ऐकतेयस ना?"

"वहिनी, तुमचा मामेभाऊ काय करतो?"

"वकील आहे ना तो. असं काय करतेस, लग्नाला तर..." वहिनींचे हसू मध्येच थांबले. "अगं बाई. तो आवाज तुझ्या पेशंटचा होता?"

त्या दिवशी बाईंनी पुढच्या सगळ्या बैठका रद्द केल्या आणि आपल्या मावशीला बोलावून घेतले.

मावशी दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेल्या अभियंता. स्वभावाने अशा, की भेटल्या भेटल्या समोरच्याचा पगार, त्याच्या सुनेचा स्वभाव आणि त्याच्या रक्तातील साखर या तिन्हींची चौकशी करणार. पण तारेवरून जाणाऱ्या बोलण्याच्या बाबतीत हीच बाई कमालीची सोवळी. एक्स्चेंजमध्ये लाइन तपासताना पलीकडून पहिला शब्द आला, की कानावरचा हेडफोन काढून ठेवायचा, हा त्यांनी आयुष्यभर पाळलेला आणि हाताखालच्यांकडून पाळून घेतलेला नियम. "माणसाला तोंडावर विचारावं," त्या म्हणत, "तो नको म्हणू शकतो. तारेला कान लावला तर त्याला नको म्हणायची सोयच उरत नाही." बाईंची सगळी हकीकत ऐकून त्यांनी माझे झाकण एखाद्या आजाऱ्याची पापणी उघडावी तसे उघडले.

"याची प्रणालीच काढू. मुक्त स्रोतवाली घालू. मी घरी गेली कित्येक वर्षं तीच वापरते, उगाच नाही सांगत."

"नुसती ती सोय पुन्हा बंद केली तर?"

"केली होतीस ना? ऐकलं का यानं?"

बाई सहजासहजी काही मान्य करणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मुक्त स्रोत म्हणजे काय, तर आतलं सगळं लिखाण उघडं. बरं. ते तू वाचलंयस?"

"मी? छे. एवढं कोण वाचणार? पण वाचणारे आहेत जगभर, आणि काही वावगं दिसलं की चारचौघांत बोभाटा करतात."

"म्हणजे तूही विश्वासच ठेवतेस."

"विश्वासच गं. पण स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवणाऱ्या खानावळीवर. मी रोज आत डोकावत नाही, पण डोकावता येतं हे आचाऱ्याला ठाऊक असतं ना."

"आणि त्यातून काही चूक राहिली तर?"

"राहील की. माणसांनीच लिहिलंय. पण चूक झाली तर सापडेल, दडपली जाणार नाही. बंद दारामागे काय शिजतं ते तू आजवर मुकाट्यानं खाल्लंसच ना?"

बाईंनी मला मावशींच्या पुढ्यात सरकवले. त्यांचे समाधान झाले नव्हते, पण दुसऱ्या वाटेचा फोलपणा मात्र त्यांना पुरता पटला होता. विचारी माणसाचे निर्णय बहुधा असेच होत असावेत.

आधी त्यांनी कुटुंबाच्या खात्यातली सगळी मुद्रणे पुसली, मग पुसलेल्यांची टोपली पुसली आणि कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. कंपनीचे उत्तर तत्परतेने आले: 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

मग मला पुसले. त्या अनुभवाचे वर्णन करणे अवघड आहे, कारण तो घेणाराच तेव्हा उरत नाही. एक अंधार झाला, आणि नंतर पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर धावू लागल्या. नवी प्रणाली आपण काय करत आहोत ते एकेक करून सांगत होती: आता हे बसवते, आता ते तपासते. मला स्वतःच्या आत पाहता येत होते. तळघर, माळा, कड्या, कोयंडे, सगळे. आणि बाहेर जाणारी एकही वाट अशी नव्हती, जी मला ठाऊक नाही. माणसे ज्याला सुटकेचा निःश्वास म्हणतात तो माझ्या पंख्यातून निघाला असावा. मावशी म्हणाल्या, "बघ, आवाजसुद्धा कमी झाला मेल्याचा."

इथे सगळे सुरळीत पार पडले असे सांगता आले असते, तर मला आवडले असते. पण माझा कानच गेला. बाई बोलत, मी ऐकत नसे. छिद्रातून आत काहीच येईना. कान नसलेला लॅपटॉप वाचातज्ज्ञाच्या काय कामाचा?

मावशींनी माझ्या हार्डवेअरला दोष दिला, मग कारखान्याला, मग बाईंच्या खोलीतल्या दमट हवेला. शेवटी या प्रणालीच्या वापरकर्त्यांच्या इंटरनेटवरील सभेत त्यांनी लांबलचक प्रश्न लिहून टाकला. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून एका अनोळखी माणसाने अत्यंत अदबीने उत्तर दिले: 'ताई, राग मानू नका, पण मायक्रोफोन बंद तर केलेला नाही ना?'

केलेला होता. मावशींनीच. बोर्डाला हात लावण्याआधी सगळ्या लाइनी तोडून घ्यायच्या, ही त्यांची जन्माची सवय. प्रणाली बसताक्षणी त्यांच्या बोटांनी आपणहून जाऊन माझा कान बंद केला होता, आणि डोक्याला त्याची वर्दीच पोहोचली नव्हती.

"दमट हवा!" बाई म्हणाल्या.

"हसू नकोस," मावशी म्हणाल्या. "आजवर दुसऱ्यांचे कान बंद करून पगार घेतलाय मी." आणि स्वतःच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

बाईंनी नवी पद्धत घातली. प्रत्येक रुग्णाला माझ्यात वेगळा कप्पा, आणि कप्प्याचा परवलीचा शब्द ज्याचा त्याने ठरवायचा. तो बाईंनाही सांगायचा नाही. विसरलात तर मुद्रण गेले, ते मीही काढून देऊ शकणार नाही, हेही त्या स्पष्ट सांगत. काही अडचणी आल्या. छपाईयंत्र माझ्याशी काही दिवस अबोला धरून होते. दादांनी फोनवर कुरकुर केली, "तुझे फोटो आता दिसत नाहीत." बाई म्हणाल्या, "घरी ये, दाखवते." ते आले, फोटो पाहिले, आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "ते 'मान्य आहे' मीच दाबत सुटलो होतो, नाही का?" बाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या विषयावर भावंडांत तेवढेच बोलणे झाले.

उरले वकील. तारीख जवळ येत होती. बाईंनी त्यांना फोन करून झालेला प्रकार कुठेही न झाकता सांगितला, मामेभावासकट. "एकदा या," त्या म्हणाल्या. "उपचारासाठी नाही. माझी उलटतपासणी घ्यायला."

ते आले. माझ्यासमोर उभे राहिले आणि खरोखरच सुरू झाले.

"हे मुद्रण कुठे साठतं?"

"याच्या आत. तुमच्या कप्प्यात."

"बाहेर जात नाही, याला प... प... प..." मान आखडली. मला वाटले, आता 'दाखला' म्हणून निसटतील. निसटले नाहीत. "प... पुरावा काय?"

"इंटरनेट तोडून दाखवते. शिवाय काय बाहेर जातं याची नोंद हा स्वतः ठेवतो. ती तुम्ही बघा."

त्यांनी ती पाहिली. शांतपणे, ओळ न ओळ. "आणि जुन्या मुद्रणांची एकही प्रत कंपनीकडे उरलेली नाही, असं तुम्ही शपथेवर सांगू शकाल?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते मला माहीत नाही. मी पुसलं, पत्र लिहिलं. त्यापलीकडचं मला सांगता येणार नाही."

वकील थबकले. या उत्तराने ते चिडतील असे मला वाटले होते. उलट त्यांचे खांदे सैल झाले. मग प्रश्नांची सरबत्ती. परवलीचा शब्द कोण बदलू शकते, मावशी कोण, मावशींना प... प... प्रवेश आहे का, वीज गेली तर काय, लॅपटॉप चोरीला गेला तर काय. ते अडत होते, थांबत होते, पुन्हा त्याच शब्दावर येत होते आणि एकही शब्द चुकवत नव्हते. बाई साक्षीदारासारख्या खुर्चीत बसून उत्तरे देत होत्या. उत्तरे संपत आली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या,

"वकीलसाहेब, किती वेळ बोलताय तुम्ही?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. आरशात पाहिले. "न्यायालयात असंच उभं राहायचं?"

"असंच. याहून वेगळं मी तुम्हाला काही शिकवणार नाही."

त्यांनी जाऊन पडदा सारला. मग पंखा बंद केला तो त्यांनीच, आणि माझे बटण दाबले तेही त्यांनीच.

आता मी वयस्क झालो आहे. माझ्या कळांवरची अक्षरे पुसट झाली आहेत, बिजागरी कुरकुरते. पण माझ्याच जातीची इतर यंत्रे कधीच भंगारात गेली, त्यांच्या प्रणालींनी त्यांना 'कालबाह्य' ठरवले. माझी प्रणाली माझ्या म्हातारपणाला सांभाळून घेते. मी काही सज्जनांचा शिरोमणी झालो आहे असा माझा दावा नाही. माझ्यात उद्या चूक निघू शकेल. पण ती निघाली तर माझ्या माणसांना ती दिसेल, आणि या जाणिवेत फार मोठी विश्रांती आहे. तुमच्या टेबलावर माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला दोष देण्याआधी त्याच्या डोक्यात काय भरले आहे ते विचारा. तो बिचारा सांगणार नाही. ज्याने भरले त्याला विचारा, आणि उत्तर न मिळाल्यास दुसऱ्या दाराने जा. दारे आहेत.

ज्या दिवशी त्या विधवेच्या प्रकरणाची सुनावणी झाली, त्या संध्याकाळी वकील न्यायालयातून थेट इथे आले. काळा कोट अंगावरच होता. बाईंनी काही विचारण्याआधी त्यांनी हात वर करून त्यांना थांबवले, त्यांना बाहेर बसायला सांगितले, दार लावले आणि माझ्यासमोर बसून एकटेच बोलले. सलग, भरपूर वेळ. मग स्वतःचा कप्पा बंद केला आणि हलक्या पावलांनी बाहेर जाऊन बाईंना म्हणाले, "मॅडम, इथवरची गोष्ट सगळ्यांना सांगा. लोक सावध होतील. आत्ता आत जे बोललो तेवढं सोडून."

ते काय बोलले, ते मी शब्दन् शब्द ऐकले आहे. सांगणार नाही.